पाणकणीस आणि लव्हाळा: टोपलीसाठी पाणथळीतली पात कापण्यापासून विणायला घेण्यापर्यंत

ताज्या हिरव्या पातीची टोपली विणायला फार सोपी जाते. पात मऊ असते, हवी तशी वळते, मोडत नाही आणि रंगही छान दिसतो. मग काही आठवड्यांत तीच टोपली ढिली पडते. विणीत फटी दिसायला लागतात, तळ हलतो, कड हाताने ओढली तर वर येते. विणणाऱ्याचा हात कितीही घट्ट असला तरी हे टळत नाही, कारण ओली पात वाळताना लांबीला फारशी कमी होत नसली तरी रुंदीला आणि जाडीला बरीच आक्रसते. विणताना दोन पातींमध्ये जागा नव्हती, ती पाती बारीक झाल्यावर आपोआप तयार होते.

म्हणून पाणथळीतल्या कुठल्याही पातीचं काम दोन टप्प्यांत करायचं. आधी ती पूर्णपणे वाळवायची आणि तिला काय आक्रसायचं ते टोपलीत जाण्यापूर्वीच आक्रसू द्यायचं. मग विणण्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा ओलसर करायची, पण फक्त वळेल इतकीच. एकदा वाळलेली पात दुसऱ्यांदा ओलसर केल्यावर पहिल्याइतकी फुगत नाही, त्यामुळे नंतर आक्रसायलाही तिच्यात फारसं काही उरत नाही. टोपली टिकते की नाही याचा निकाल बराचसा या वाळवण्या-भिजवण्यातच लागतो. वीण त्यानंतरची गोष्ट.

कोणती वनस्पती घ्यायची

नवख्या माणसाने पाणकणसापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पाणकणीस, म्हणजे काही ठिकाणी ज्याला रामबाण म्हणतात ते, शास्त्रीय नाव टायफा. तळ्यांच्या काठाला, संथ ओढ्यांत, दलदलीत दाट वाढणारी, दीड ते तीन मीटर उंचीची ही वनस्पती तिच्या तपकिरी मखमली कणसामुळे लांबूनच ओळखू येते. विणायला लागतात त्या तिच्या लांब, चपट्या पाती. पातीची एक बाजू सपाट आणि दुसरी किंचित फुगीर असते. आत आडव्या-उभ्या पातळ पडद्यांनी केलेले हवेचे कप्पे असतात. त्यामुळे पात हलकी राहते, दाबली की दबते आणि विणीत शेजारच्या पातीला घट्ट बिलगते. चूक झाली तरी पात बऱ्यापैकी सांभाळून घेते.

लव्हाळा या नावाखाली बऱ्याच वनस्पती येतात. टोपलीच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पाडले की पुरे. काडी अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवून पाहा. तीन धारा लागल्या तर ती सायपरस गटातली. या काड्या चिवट असतात, उभ्या चिरून त्यांच्या पट्ट्या काढतात आणि चटया किंवा बारीक विणीच्या पसरट टोपल्यांसाठी वापरतात. काडी गोल, गुळगुळीत, पेरं नसलेली आणि आत पांढऱ्या मऊ गाभ्याची असेल तर ती बहुधा स्कीनोप्लेक्टस गटातली. ही अख्खीच वापरतात. जाड वेणी घालून ती वेणी गोल शिवत जायची असेल, तर हिच्याइतका चांगला माल पाणथळीत दुसरा नाही.

नळ किंवा बोरू, म्हणजे पेरं असलेलं पोकळ उंच गवत, मऊ टोपलीसाठी उपयोगाचं नाही. ते वळवताना पेरावर मोडतं. पडदे, चटया आणि टोपलीला आधार देणाऱ्या सरळ काड्या यांसाठी ते ठेवा.

आणि जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली, जांभळ्या फुलांची, पाण्यावर तरंगणारी ही वनस्पती मोकळेपणाने काढावी, कारण ती कमी झाली तर पाण्याचं भलंच होतं. तिचे लांब देठ वाळवून विणतात. तिच्याबद्दल काही गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, त्या पुढे सांगते.

ओळखताना गफलत होते ती कोवळ्या पाणकणसाची. वेखंड आणि आयरिस यांची पानंही तलवारीसारखी, पाण्याच्या कडेला, तशीच गर्दी करून उगवतात. वेखंडाचं पान चुरगळलं की उग्र सुगंध येतो आणि पानावर एका बाजूला सरकलेली उठावदार शीर दिसते. आयरिसची पानं बुडाशी पंख्यासारखी एकाच प्रतलात चपटी बसलेली असतात, आणि तिच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. पाणकणसाच्या पातीला ठळक मधली शीर नसते, वास नसतो, आणि बुडखा बराचसा गोलसर लागतो. शंका असेल तर त्याच घोळक्यात गेल्या हंगामाचं एखादं जुनं कणीस उभं आहे का ते शोधा. ते सापडलं की प्रश्न मिटला.

जागा निवडताना

पहिली गोष्ट परवानगीची. पाणथळ जागा पडीक दिसते म्हणून ती कुणाचीच नसते असं नाही. 1971 साली इराणमधल्या रामसर शहरात पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराच्या यादीतल्या जागा, अभयारण्यं आणि राखीव तळी इथे परवानगीशिवाय विळा लावायचा नाही, असंच धरून चाला. इतर ठिकाणी जमिनीच्या मालकाला किंवा तळं सांभाळणाऱ्यांना विचारा. लोक बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, कारण पाणकणीस फार वाढलं तर त्यांनाही नकोच असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती बरेच जण विचारातच घेत नाहीत. पाणकणीस घाण पाण्यात उत्तम वाढतं. इतकं, की सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळींमध्ये तेच लावतात. ते पाण्यातले जड धातू ओढून घेतं. त्यातला मोठा वाटा मुळांत राहतो, पण थोडा पातीतही येतो. विणताना दोन्ही हात गुंतले की आपण पात सहज दातात धरतो, ओल्या पातीवर तासन्‌तास बोटं फिरवतो आणि पुढे त्याच टोपलीत फळं ठेवतो. म्हणून कारखान्याचं पाणी, गटार किंवा रहदारीच्या रस्त्याकडेचा चर जिथे मिळतो तिथली पात घेऊ नका. तणनाशक फवारलेला काठही टाळा. पाती एका बाजूने अचानक पिवळ्या पडलेल्या, शेंडे वेडेवाकडे वळलेले दिसले तर फवारणी झाली असण्याची शक्यता धरा.

कधी कापायचं

महिना सांगण्यात अर्थ नाही, तो जागेनुसार बदलतो. थंड प्रदेशांत ही वेळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येते, पावसाळी प्रदेशांत पाऊस ओसरल्यावर. वनस्पतीकडे बघून ठरवायचं. पात पूर्ण उंचीला पोचलेली हवी, अजून हिरवी हवी, आणि शेंड्याची बोटभर टोकं नुकतीच तपकिरी व्हायला लागलेली हवीत. ही खूण दिसली की पात पक्व झाली. त्याआधी कापलेली पात पाणीदार असते. वाळल्यावर ती कागदासारखी पातळ होते आणि ओढली की तुटते. फार उशीर केला तर पातीवर काळे ठिपके पडतात, किडी आत शिरतात आणि वाऱ्याने पाती मधेच मोडलेल्या मिळतात.

कणीस फुटून कापूस उडायला लागण्याआधी काम उरका. एका कणसात लाखाहून अधिक बिया असतात. तो कापूस कपड्यांवर, पातींवर आणि वाळवणाच्या जागेत सगळीकडे चिकटतो आणि नको तिथे पाणकणीस उगवतं ते वेगळंच.

कणीस आलेलं झाड घ्यायचं की न आलेलं? न आलेलं. कणसाच्या झाडात मधोमध कडक दांडा असतो आणि त्याच्या भोवतीच्या पाती संख्येने कमी आणि आखूड असतात. बिनकणसाच्या झाडात सगळीच वाढ पातीत गेलेली असते. कणसाचे दांडे टोपलीच्या मुठीसाठी हवे असतील तर थोडे वेगळे कापून घ्या.

दिवस कोरडा निवडा. सकाळचं दव उडून गेल्यावर सुरुवात करा. पुढचे दोन-तीन दिवसही पावसाचे नसावेत, कारण वाळवणाचे पहिले दिवस सगळ्यात नाजूक असतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी

एकट्याने जाऊ नका. उंच पाणकणसात शिरलं की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. एक लांब काठी हातात ठेवा आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी चिखलाची खोली काठीने चाचपा. गुडघ्यापेक्षा खोल चिखलात उतरायची गरज नाही, काठावरची पात तितकीच चांगली असते. छातीपर्यंतचे रबरी बूट खोल पाण्यात घालू नका, पडल्यावर ते पाण्याने भरतात आणि उठू देत नाहीत.

पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच. लव्हाळ्याच्या काही जातींच्या पानांच्या कडा इतक्या धारदार असतात की हात चिरल्याचं नंतर पाणी लागून आग झाली की कळतं. आणि उंदरांचा वावर असलेल्या साचलेल्या पाण्यात उघडी जखम असणं धोक्याचं आहे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शिरतात. अंगावर जखम असेल तर कापणी पुढे ढकला. काठीने आवाज करत चाला म्हणजे साप बाजूला होतील. घरट्यांकडेही लक्ष असू द्या. पाणकोंबड्या आणि छोटे पक्षी पाणकणसाच्या गर्दीतच घरटी करतात, आणि पक्ष्याचा घाबरलेला ओरडा ऐकू आला तर तो भाग तसाच सोडून दुसरीकडे वळा.

कापणी

धारदार विळा घ्या. बोथट विळ्याने बुडखा चिरडतो आणि चिरडलेल्या जागेतूनच पुढे कुजायला सुरुवात होते. झाडाच्या खालच्या भागाला एका हाताने मिठी मारल्यासारखं धरा आणि तिरका काप द्या.

काप कुठे द्यायचा हे मात्र नीट समजून घ्या. पाण्याच्या पातळीच्या वर, किमान वीतभर. पाणकणसाचे आडवे कंद चिखलात असतात, आणि चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. पातींमधले ते हवेचे कप्पे वरची हवा खाली कंदापर्यंत पोचवतात. पाण्याखाली कापलं की ही वाट बंद होते, छाटलेल्या बुडख्यात पाणी भरतं आणि कंद गुदमरतो. पाणकणीस कायमचं हटवायचं असेल तर लोक नेमकं हेच करतात, पाण्याखाली कापतात. आपल्याला पुढच्या वर्षीही इथेच यायचं आहे. पाऊस येऊन पातळी वाढण्याची शक्यता असेल तर वीतभराऐवजी हातभर वर कापा. बुडख्याचा तेवढा भाग गेला तरी चालेल.

एकाच ठिकाणी सपाट कापत जाऊ नका. घोळक्याचा फार तर तिसरा हिस्सा घ्या, तोही मधून मधून, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या बाजूने कापा. गोल लव्हाळ्याला तर एक वर्ष आड विश्रांती दिली की काड्या लांब आणि जाड मिळतात. जलपर्णीला हे काहीच लागू नाही, ती मिळेल तितकी काढा. पण तिची मुळं, तुकडे किंवा फुलं दुसऱ्या पाण्यापर्यंत नेऊ नका. देठ तिथेच कापून घ्या, बाकी झाड पाण्यापासून लांब कोरड्या जमिनीवर पसरून मरू द्या, आणि बूट, विळा, दोर तिथेच धुवून निघा. एका तुकड्यापासून तळं भरतं.

अंदाजापेक्षा दीडपट कापा. डागाळलेल्या, मोडक्या आणि फार बारीक पाती निवडून टाकल्यावर उरतं तेवढंच कामाचं.

कापलेल्या झाडांचे बुडखे एका दिशेला ठेवून दोन हातांच्या वेढ्यात मावेल एवढ्या पेंढ्या बांधा. पात दुमडू नका. दुमडलेली घडी वाळल्यावर तशीच राहते आणि विणताना तिथेच तुटते. गाडीत मावत नसेल तर शेंडे कापा, पण वाकवू नका. पेंढ्या एकावर एक रचून उन्हात ठेवल्या तर आतून गरम होतात आणि काही तासांत हिरवा रंग मळकट व्हायला लागतो. शक्यतो त्याच दिवशी घरी नेऊन सोडवा.

सोलणं आणि धुणं

पाणकणसाचा बुडखा आडवा कापून पाहिलात तर आत पाती एकमेकींच्या कुशीत चंद्रकोरीसारख्या बसलेल्या दिसतात. बाहेरच्या जाड, आत जाल तशा बारीक, आणि अगदी मधे पांढरी कोवळी सुई. प्रत्येक चंद्रकोरीत जाळीसारखे कप्पे, आणि दोन पातींच्या मधे पारदर्शक, बुळबुळीत चिकटा. पात ओढली की त्याची तार निघते.

हा चिकटा काढणं जितकं कंटाळवाणं, तितकंच आवश्यक. तो राहिला तर पाती वाळताना एकमेकींना चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून पाती ताज्या असतानाच बाहेरून आत एकेक सोला. सगळ्यात बाहेरची एक-दोन पानं फाटकी आणि चिखलाने माखलेली असतात, ती टाकून द्या. बाकीच्या पातींचे बुडखे वाहत्या पाण्याखाली धरा आणि बुडख्याकडून शेंड्याकडे जाड फडक्याने पुसून घ्या. हातावर राहिलेला चिकटा वाळला की पापुद्रा होऊन निघतो, त्याने काही होत नाही.

सोलता सोलताच पाती निवडून ठेवा. बाहेरच्या रुंद, जाड पाती टोपलीच्या तळाला आणि उभ्या ताण्याला लागतात. मधल्या पाती आडव्या विणीला. आतल्या बारीक पातींना पीळ देऊन दोरी वळता येते, कड बांधायला तीच वापरायची. हे आत्ता केलं नाही तर वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

सायपरसच्या काड्या चिरायच्या असतील तर त्याही ताज्या असतानाच चिरा. बुडख्याकडून चाकूचं टोक घालून दोन किंवा तीन भाग करा आणि गाभा चाकूच्या बोथट बाजूने खरवडून काढा. काडी अख्खी वाळल्यावर चिरायला गेलं तर चीर सरळ जात नाही.

वाळवण

घाई नडते ती इथे. कडक उन्हात टाकलं की पात दोन दिवसांत वाळल्यासारखी दिसते. पण तिचा शेंडा आणि कडा वाळलेल्या असतात, बुडखा आतून ओलाच राहतो. वर ऊन रंग उडवतं, आणि फार लवकर वाळलेली पात ठिसूळ होते. हवा खेळती असलेली सावली हीच वाळवणाची योग्य जागा. पडवी, माळा, उघडी शेड, गच्चीवरचा झाकलेला कोपरा, कुठलीही चालेल. एका बाजूने हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते एवढं बघा.

पाती जमिनीवर पसरू नका. जमिनीतला ओलावा खालून लागतो आणि खालच्या बाजूला हवा मिळत नाही. जाळी, फळ्यांमध्ये फटी ठेवून केलेला मांडव किंवा दोन काठ्यांवर ताणलेलं मच्छरदाणीचं कापड वापरा. पातींचा थर एक-दोन पातींपेक्षा जाड नको. पहिले चार-पाच दिवस रोज, नंतर एक दिवसाआड पाती उलटा. उलटताना बुडखेही एकमेकांपासून मोकळे करा, चिकटा राहिला असेल तर तो इथे सापडतो.

जागा कमी असेल तर टांगून वाळवा. हाताच्या मुठीत सैल मावतील एवढ्या पातींची जुडी बांधा, शेंड्यांकडून नव्हे, बुडख्यांकडून, आणि बुडखे वर ठेवून दोरीला लटकवा. पात वाळताना बारीक होते, म्हणून जुडीची गाठ दोन दिवसांनी सैल पडते आणि पाती निसटतात. सरकफासाची गाठ किंवा रबर वापरलं की ही कटकट राहत नाही. जुडीच्या मधल्या पाती शेवटी वाळतात, त्यामुळे मधेच एकदा जुडी सोडून पाती आत-बाहेर करा.

रात्री दव पडत असेल तर पाती आत घ्या किंवा वर कापड टाका. अर्धवट वाळलेल्या पातीवर दव पडलं की तपकिरी ठिपके उठतात आणि ते नंतर निघत नाहीत. प्लास्टिकने मात्र झाकू नका, खाली घाम धरतो. हवा दमट असेल तर पंखा लावा. पंख्याची हवा थेट पातींवर मारण्यापेक्षा खोलीत फिरती ठेवली तर पाती उडत नाहीत आणि सगळीकडून सारख्या वाळतात.

रंगाचंही थोडं सांगते. पूर्ण सावलीत वाळलेली पात शेवाळी हिरवट राहते. थोडं ऊन मिळालं की ती पिवळसर सोनेरी होते. एकाच टोपलीसाठी मुद्दाम दोन्ही रंगांची पात तयार करता येते. एक जुडी सावलीत, दुसरी रोज तासभर कोवळ्या उन्हात, आणि मग विणीत पट्टे. रंगवायचा खटाटोप न करता मिळणारी ही नक्षी मला फार आवडते. हिरवा रंग मात्र पुढे वर्षभरात उजेडाने फिका होतोच.

कोरड्या हवेत पाणकणसाच्या सुट्या पातींना एक ते दोन आठवडे लागतात. दमट हवेत तीन-चार आठवडेही लागतात. गोल लव्हाळ्याच्या अख्ख्या काड्यांना साधारण तेवढाच वेळ, चिरलेल्या सायपरसला त्याहून खूप कमी. जलपर्णीच्या देठात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दहा किलो देठ वाळून एक किलोच्या आतच भरतात. म्हणून तिच्यापुरता सावलीचा नियम सोडा. ती सावलीत वाळण्याआधी कुजते. चांगल्या उन्हात, पातळ थरात, रोज उलटत आठवडाभर वाळवा आणि संध्याकाळी आत घ्या.

वाळलं की नाही हे दिवस मोजून ठरवू नका. पात हातात घ्या, शेंड्याकडे बघूच नका, बुडखा बघा. सगळ्यात जाड जागा दोन बोटांत दाबा. ओलावा असेल तर ती रबरासारखी लवते आणि गालाला लावली तर गार लागते. वाळलेली असेल तर कोरडी, हलकी लागते आणि दाबल्यावर आतले पडदे किंचित कुरकुरतात. पातीवर पात घासली तर कागदासारखा सळसळाट होतो. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. एक जुडी खूण करून ठेवा आणि एक दिवसाआड काट्यावर ठेवा. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं तर त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

वास हा सगळ्यात आधी इशारा देतो. नीट वाळणाऱ्या पातीला वाळल्या गवताचा गोडसर वास येतो. आंबूस किंवा कुबट वास आला तर कुठेतरी थर जाड झाला आहे. लगेच सगळं सोडवा, शोधा. राखाडी-पांढरी बुरशी वरवर आणि एखाद्याच पातीवर असेल तर ती पात काढून टाका आणि बाकीच्या पाती तासभर उन्हात घाला. काळे डाग आत उतरले असतील तर ती पात विणीत घेऊ नका, तिथेच तुटते. बुरशी झटकताना नाका-तोंडावर फडकं बांधा आणि हे काम घराबाहेर करा.

साठवण

पूर्ण वाळलेल्या पाती लांबीनुसार जुड्या करून, कागदात किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळून, जमिनीपासून वर आडव्या ठेवा. प्लास्टिकची पिशवी बंद करून ठेवायची नाही. थोडासा राहिलेला ओलावाही आत कोंडतो आणि महिन्याने सगळी जुडी काळी निघते. उभ्या कोपऱ्यात टेकवून ठेवल्या तर पाती कमरेत वाकतात. जागा अंधारी असावी. उंदरांना हा माल घरट्यासाठी फार आवडतो, तेवढं सांभाळा. आणि वाळलेली पात फार पटकन पेट घेते, त्यामुळे चूल, हीटर, देवघरातला दिवा यांच्या जवळपास ती नको.

जुडीवर जागा, कापणीचा महिना आणि पातीचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी बांधा. कुठल्या काठाची पात लांब आणि चिवट निघाली हे दुसऱ्या हंगामात आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही. अशी साठवलेली पात दोन-तीन वर्षं सहज चांगली राहते.

पुन्हा ओलसर करणं

आता दुसरा टप्पा. इथे चूक होते ती जास्त भिजवण्याची. पाणकणसाची पात बादलीत रात्रभर बुडवून ठेवली तर आतले कप्पे पाण्याने भरतात, पात फुगते, वरची साल सुटायला लागते, आणि आपण पुन्हा ओल्या पातीच्या टोपलीवर येऊन पोचतो. पाणी पातीत भरायचं नाही, फक्त मुरू द्यायचं.

उद्या जेवढ्या पाती विणणार तेवढ्याच घ्या. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, किंवा जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंनी पाणी शिंपडा. बुडख्यांवर थोडं जास्त, शेंड्यांवर कमी. मग जाड टॉवेल किंवा गोणपाट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्यात पाती गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. घाई असेल तर तीन-चार तासही चालतात. गोल लव्हाळ्यालाही हेच. चिरलेल्या सायपरसच्या पट्ट्या मात्र वीस-तीस मिनिटं पाण्यात बुडवल्या तरी बिघडत नाहीत, त्यांच्यात भरायला कप्पे नसतात. जलपर्णीला फार कमी पाणी लागतं. ओलं फडकं फिरवून तासभर गुंडाळलं की ती तयार होते.

सकाळी एक पात काढून बोटाभोवती गुंडाळा. तडकली किंवा उभी चिरली तर अजून थोडं पाणी शिंपडून पुन्हा गुंडाळा. चामड्याच्या पट्टीसारखी शांतपणे वळली आणि बोटाला पाणी लागलं नाही तर तयार. पिळल्यावर थेंब आला तर जास्त भिजली, ती दहा-पंधरा मिनिटं हवेवर ठेवा.

विणायला घेण्याआधी प्रत्येक पात अंगठा आणि तर्जनीच्या मधे घट्ट धरून शेंड्यापासून बुडख्यापर्यंत ओढा. आतली हवा फुस्स आवाज करत पुढे सरकते, कधी बुडख्यातून दोन-चार थेंबही निघतात. ही हवा काढलेली पात चपटी आणि दाट बसते, न काढलेली पात टोपलीत गेल्यावर दबते आणि वीण तेवढीच ढिली होते. गोल लव्हाळ्याच्या बाबतीत तर हे टाळूच नका, तिच्या गाभ्यात हवा सगळ्यात जास्त असते. नवी पात जोडताना एकीचा बुडखा आणि दुसरीचा शेंडा एकत्र येईल असं बघा, म्हणजे जाडी एकसारखी राहते.

काम चालू असताना बाकीच्या पाती ओल्या टॉवेलातच ठेवा आणि लागेल तशा काढा. ताण्याच्या पाती वाळायला लागल्या तर स्प्रेने हलकं पाणी मारा, टोपली पाण्यात बुडवू नका. तळ विणून झाला आणि काम दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर तो एक रात्र तसाच वाळू द्या आणि सकाळी ओळी बोटांनी खाली सारून पुन्हा घट्ट करा. पहिल्या रात्री जी थोडी जागा सुटते ती अशी भरून निघते.

गुंडाळलेल्या ओल्या पाती दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, बुळबुळीत होतात आणि वास मारतात. उरलेल्या पाती त्याच संध्याकाळी टॉवेलातून काढून मांडवावर पसरा, पूर्ण वाळवा आणि वेगळी चिठ्ठी लावून ठेवा. एकदा भिजवून वाळवलेली पात आणखी एकदा वापरायला हरकत नाही. तिसऱ्यांदा भिजवली की तिची चिवटाई गेलेली असते, ती पीळ देऊन दोरीसाठी वापरा.